आभाळ्याचा डावा हात

"पण मग पहिल्या अंकात तो उडत का नाही, मास्तर?"

वामनमास्तरांनी चहाची बशी तोंडाला लावली होती, ती तशीच राहिली.

"कुठं येत होतं त्याला उडायला!" ते म्हणाले आणि उरलेला चहा भुरकन पिऊन मोकळे झाले.

कौस्तुभला हे उत्तर मुळीच रुचलं नाही. पुण्याहून कोल्हापूरला तो काही चहा प्यायला आला नव्हता. मास्तरांच्या हाताखाली चित्रकथा काढायला शिकलेला हा पोरगा आता स्वतः नावारूपाला आला होता, आणि आभाळ्याच्या सुरुवातीच्या अंकांचं एक जाडजूड पुस्तक करण्याचं काम प्रकाशकांनी त्याच्याच हाती सोपवलं होतं. आभाळ्या म्हणजे मास्तरांचा मानसपुत्र. निळा पोशाख, पाठीवर तांबडा शेला, हाकेसरशी आभाळातून खाली उतरणारा. दप्तरात आभाळ्या सापडला म्हणून गणिताच्या तासाला छड्या खाल्लेली माणसं आजही ते वळ अभिमानानं सांगतात.

पण हा झाला नंतरचा आभाळ्या. सुरुवातीचा म्हणजे नुसता सावळागोंधळ!

"पहिल्या अंकात त्याला मिशा आहेत," कौस्तुभ म्हणाला.

"प्रकाशकांना हव्या होत्या. छापल्यावर नाकाखाली डाग पडल्यासारखं दिसायला लागलं. काढल्या."

"शेला पिवळा आहे."

"छापखान्यात तांबडी शाई संपली होती."

"आणि तिसऱ्या अंकात तो गुंडांचा मार खाऊन म्हशींच्या हौदात पडतो!"

"पडला खरा. आता ह्याला बाहेर कसा काढावा, मलाच सुचेना बघ."

मास्तर खळखळून हसले. कौस्तुभ हसला नाही. त्याला राग आला होता, आणि तो रागही प्रेमापोटीच होता. लहानपणी तापानं फणफणला असताना आभाळ्याचा अंक छातीशी धरल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. इतकं वय झालं, तरी कुणी आभाळ्याचं नाव काढलं की त्याची मान आपोआप ताठ होई.

"परवा प्रदर्शनात ही जुनी पानं मांडली होती, मास्तर. मुलं हसली. आभाळ्याला हसली!... मला ते सहन झालं नाही."

मास्तरांनी रिकामी बशी बाजूला सरकवली.

"मला परवानगी द्या. मी सगळं नीट करतो. पहिल्या पानापासून तो आभाळ्या दिसला पाहिजे."

त्यानं नमुना म्हणून आणलेलं चित्र पुढं ठेवलं. लाकडाच्या वखारीला आग लागलेली, आत एक पोर अडकलेलं, आणि समोरच्या गच्चीवरून आभाळ्या झेपावलेला. छाती पुढं, शेला फडफडता, चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही.

मास्तरांनी ते बराच वेळ न्याहाळलं.

"वा!... काय हात आहे लेका तुझा! मला जन्मात असा शेला उडवता आला नाही."

खोटं कौतुक करणं मास्तरांना जमतच नसे. कौस्तुभच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग मास्तर उठले. कपाटातून त्यांनी त्याच प्रसंगाचं मूळ पान काढलं, त्यांच्या हातचं, कडा पिवळ्या पडलेलं. तीच गच्ची, तीच आग. पण इथला आभाळ्या कठड्यावरून वाकून खाली बघत होता, आणि डाव्या हातानं त्यानं पाण्याचा पाइप गच्च धरला होता.

"हा हात?" मास्तरांनी विचारलं.

"तोच तर पुसायचाय! आभाळ्या कधी पाइपाला धरून उभा राहील का?"

"उडी मारायची होती त्याला. चुकली असती तर?"

"आभाळ्याची उडी चुकेल, मास्तर?"

"मला कुठं ठाऊक होतं!" मास्तर म्हणाले. "शब्दकोडं वेळेवर आलं नाही, म्हणून मासिकाचं पान भरायला काढलेला तो. पुढच्या अंकात असेल का नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. मला नाही... आणि त्यालाही नाही."

"पण आता ठाऊक आहे ना?"

मास्तरांनी पांढऱ्या रंगाची बाटली उघडून टेबलावर ठेवली आणि शेजारी एक बारीक ब्रश. चुकलेली रेघ ह्या रंगानं झाकायची, वाळली की वर नवी काढायची, ही चित्रकथावाल्यांची जुनी रीत. खाली काय होतं ते मग पुन्हा कुणाला दिसत नाही.

"कर," मास्तर म्हणाले.

"ह्याच्यावर?... मूळ पानावर?"

"मग? झेरॉक्सवर पुसून त्याचा हात सुटतो व्हय?"

"पण हे एकच पान आहे, मास्तर."

"म्हणून तर म्हणतो, नीट कर."

कौस्तुभनं ब्रश बुडवला आणि तो पानावर वाकला.

इतक्या जवळून हे पान त्यानं कधी पाहिलं नव्हतं. शाईखाली पेन्सिलीच्या फिकट रेघा होत्या. मास्तरांनी त्या डाव्या हाताची बोटं आधी मोकळी काढली होती, खोडली होती, पुन्हा मोकळी काढून पुन्हा खोडली होती, आणि मग कुठं ती पाइपावर मिटली होती. आभाळ्याच्या मागं गच्चीचं दार उघडं होतं. म्हणजे हा जिना चढून वर आला होता... खाली आग दिसत असताना.

ब्रश कागदाच्या केसभर वर थांबला. बाहेर रिक्षा गेली, तिचा आवाज विरून गेला, तरी तो तिथंच होता.

"डावा हात कुठाय तुझा?" मास्तरांनी हळूच विचारलं.

कौस्तुभनं बघितलं. त्याच्या डाव्या हातानं टेबलाची कड गच्च धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. तो ओशाळला आणि हात मागं घेऊ लागला.

"अंहं... सोडू नको," मास्तर म्हणाले. "तू धरून राहा. आणि आता त्याचा सोडव."