वरच्या काचेचा ओरखडा

काचा एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. अंबूताईंना दुर्बिणीसाठी घरीच आरसा घडवायचा होता. त्यांनी दोन जाड गोल काचा एकीवर एक ठेवल्या, मध्ये पाणी आणि काच झिजवणारी भरड पूड घातली आणि घासायला लागल्या. वरची काच हळूहळू खोलगट होत गेली, खालची फुगीर. मग बारीक पुडीची पाळी आली. पण डबा बदलताना ताईंनी हात नीट धुतले नाहीत. भरड पुडीचा एक कण मागे राहिला आणि वरचीला ओरखडा पडला.

“गप्प बस,” खालची म्हणाली. “केसाएवढा तर आहे, ताईंना दिसायचा नाही. तो घालवायला पुन्हा भरड पूड आली तर दोघींची सालटी निघतील.”

“निघू देत. आरसा व्हायचंय मला,” वरची म्हणाली आणि खिडकीतून ऊन येताच तिने तो ओरखडा लख्ख चमकवला.

अंबूताईंनी कपाळाला हात लावला, पदर खोचला आणि भरड पुडीचा डबा पुन्हा उघडला.

पुढे एका अष्टमीला, चांदीचा मुलामा चढलेल्या वरच्या काचेत चंद्र उतरला. खालचीने न राहवून विचारलं, “कसा आहे गं?”

“नुसते खड्डे आणि ओरखडे आहेत त्याच्यावर,” वरची म्हणाली. “पण त्यातला एकही माझा नाही.”