पाच शब्दांची चाचणी

“पण भन्तेजी, निकाल खोटं कशाला बोलेल?”

डॉ. प्रियदर्शी वासनिक यांचं स्मरणशक्तीवर संशोधन होतं. नागपुरात नाव होतं. आज ते आईला, अनसूयाबाईंना, वृद्धाश्रमात ठेवायला निघाले होते. वाटेत टेकडीवरच्या बुद्धविहारात भन्ते सुमेध यांचा आशीर्वाद घ्यायला थांबले. आई मागे बसली होती; तिची बॅग खाली गाडीतच होती.

“मी स्वतः चाचणी घेतली. पाच शब्द सांगितले. थोड्या वेळानं विचारले, तर एकही आठवेना. हा स्मृतिभ्रंशच.”

भन्ते म्हणाले, “कॉलेजातल्या मुलांचीही घेतली होती ना अशी चाचणी?”

“हो, तोच तर माझा गाजलेला शोधनिबंध!” डॉक्टर खुलले. “शेजारी मोबाइल असला की मुलं शब्द विसरतात.”

“मग त्यांनाही स्मृतिभ्रंश?”

“छे! त्यांचं लक्ष नसतं. जे नीट ऐकलंच नाही, ते आठवणार कसं?”

“आणि आईंचं?”

“तिचं वय...”

डॉक्टर अडखळले. मग घाईनं म्हणाले, “नुसती चाचणी नाही, भन्तेजी. परवा गॅस तसाच चालू ठेवला तिनं.”

“हं.”

भन्तेंनी अनसूयाबाईंकडे पाहिलं.

“आत्ता तुम्ही बोलत होतात, तेव्हा आई काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या?”

डॉक्टरांनी वळून पाहिलं. अनसूयाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“माझं... लक्ष नव्हतं.”

मग त्यांनी आईलाच विचारलं.

“आई, काय म्हणालीस?”

“काही नाही रे बाबू. हेच म्हनत होती, त्या दिवशी तू शब्द सांगत होता ना, तवा बाहेर कोनी तरी खोकलत होतं. तुह्या बाबासारखंच. मी तेच ऐकत बसली.”

वडिलांना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

डॉक्टरांनी मान खाली घातली.

“म्हणजे आईला काही झालेलं नाही?”

“ते मला काय ठाऊक? डॉक्टर तुम्ही.”

“मग मी आता करू काय?”

भन्ते उठले. आपली चटई उचलून त्यांनी अनसूयाबाईंच्या शेजारी अंथरली.

“इथं बसा. बाबा कसे खोकायचे, ते विचारा त्यांना.”