चौथा खांदा

एकदा एका तालुक्याच्या गावी सेवाभावी मंडळाने शववाहिका घेण्याचा संकल्प केला. मंडळाने नेत्रशिबिरे भरवली होती, शाळेला बाके दिली होती; रुग्णवाहिकेचा निधी तर आठवड्यात उभा राहिला होता. शववाहिकेसाठी मात्र कोणाचा हात पुढे येईना. लोक म्हणत, चांगल्या कामाला मागा, असल्या गाडीवर आमचे नाव कशाला?

मंडळाचा तरुण चिटणीस चार महिने दारोदार फिरून खिन्न झाला. ज्यांच्या हाताखाली तो शिकला होता, त्या वयोवृद्ध गुरुजींना त्याने सोबत येण्याची विनंती केली. गावातील मोठ्या धान्यव्यापाऱ्याने त्याला एकदा नकार दिला होता. पण गुरुजींचा शब्द तो मोडणार नाही, अशी चिटणिसाची खात्री होती. सकाळी दहाची वेळ ठरली.

वाटेत कुंभारगल्लीच्या तोंडाशी गुरुजी थांबले. एका दारापुढे तिरडी बांधून तयार होती. लोकांच्या घरी पोळ्या लाटून जगलेली जनाक्का पहाटे गेली होती. मागे एकच मुलगी. गल्लीतील पुरुष कामावर गेलेले. दोन शेजारी तेवढे ताटकळत उभे होते. स्मशान दीड कोसावर, नदीकाठी.

गुरुजी चिटणिसाला म्हणाले, "हे दोघे आहेत, तू तिसरा. माझ्याने आता खांदा देववत नाही. व्यापाऱ्याकडे जा. निधीचं बोलू नकोस. एक खांदा कमी आहे, येता का, एवढंच विचार."

चिटणीस मनातून हबकला. एवढ्या खटपटीने मिळालेली भेट हातची गेली, असे त्याला वाटले. तरी तो गेला. व्यापारी गादीवर वाटच पाहत होता. निरोप ऐकून कोण गेले, एवढे त्याने विचारले. नाव त्याच्या ओळखीचे नव्हते. मग मुनिमाला दुकान बघायला सांगून तो उठला.

चौघांनी तिरडी उचलली. पुढे मडके धरून मुलगी, मागे काठी टेकत गुरुजी. खांदा बदलायला पाचवा माणूस नव्हता. प्रारंभी चिटणिसाला हुकलेल्या निधीचेच दुःख होते. विसाव्याच्या जागी पोहोचेपर्यंत त्याच्या मनात पुढच्या पावलाखेरीज काही उरले नाही. शेजारी व्यापाऱ्याचा श्वास जड झाला होता, पण त्याने पाऊल चुकू दिले नाही.

मुलीने अग्नी दिला. व्यापारी घाटाच्या पायरीवर बसून राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "माझी आई गेली तेव्हा मी मालासाठी इंदूरला होतो. तिला कोणी उचललं, हे मी आजवर विचारलंच नाही." मग शववाहिकेचा सगळा भार मी उचलतो, नाव मात्र नको, असे त्याने हळूच सांगितले.

गुरुजी म्हणाले, "गाडी घेऊ. पण दर खेपेला मंडळाचं एक तरी माणूस तिच्यासोबत जाईल. हे कबूल असेल तरच." दोघांनीही मान डोलावली.

परतताना चिटणिसाने विचारले, "गुरुजी, ते देतील हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही. ते आले नसते तर मीच खांद्याला लागलो असतो, झेपो न झेपो. अरे, चार महिने आपण गाडी मागत होतो, जणू मरण म्हणजे वाहतुकीची अडचण. गेलेल्याला गाडी पुरते. मागे राहिलेल्याला माणूस लागतो. हे आपल्यालाच उमगलं नव्हतं, मग लोकांना कसं उमगावं?"

फाल्गुनात गाडी आली. पहिला निरोप दूरच्या एका वाडीवरून आला. माणसे भरपूर आहेत, नुसता चालक पाठवा, असे त्यांनी कळवले होते. तरी चिटणीस गाडीत बसला. वाडीवर त्याला कोणी ओळखत नव्हते. तो जाऊन मृताच्या थोरल्या भावाजवळ जमिनीवर बसला. म्हाताऱ्याने विचारले, बाबा, तू कोणाचा?

मंडळाचे नाव त्याच्या ओठांवर आले होते. ते त्याने उच्चारले नाही. "सोबतीला आलोय," तो म्हणाला. म्हाताऱ्याने त्याचा हात धरला आणि तिरडी उचलेपर्यंत सोडला नाही.