आबांचा लंगोट आणि पुसायचं बटण

कोल्हापूरचे नामांकित मल्ल हिंदुराव आबा यांनी म्हातारपणी एक वेबसाइट विकत घेतली. हौशी पोरं व्हिडिओ गेममध्ये आपल्या मनासारखे बदल करायची आणि ते बदल, म्हणजे मॉड, तिथं टाकायची. कुठल्या मॉडमध्ये रक्तपात आहे, कुठल्यात उघडं अंग आहे, ते पाहून टॅग लावायचं काम शाल्मलीकडे. ज्याला जे नको, तो ते फिल्टरनं झाकून ठेवी.

एके सकाळी आबा कडाडले, "टॅग-बिग काय नको! उघडं अंग दिसलं की मॉडच पुसून टाका. संध्याकाळपर्यंत!"

शाल्मली अशी दचकली, की चहा कीबोर्डवर सांडला. चारशे पोरांची मेहनत मातीत जाणार होती! ती म्हणाली, "आबा, पहिला मॉड पुसायचं बटण तुमच्याच हातानं दाबा."

तिनं मोठ्या पडद्यावर सगळ्यात गाजलेला मॉड उघडला. कुस्तीच्या गेममध्ये, तांबड्या मातीत, नुसत्या लंगोटावर शड्डू ठोकणारे तरुण आबा! कुणा चाहत्यानं बनवलेले, हुबेहूब.

बटणावरचं आबांचं बोट थबकलं. "अगं पोरी, हे कुठलं उघडं अंग? ही कुस्ती हाय!"

"तेच तर, आबा. 'ही कुस्ती हाय' असं आत्ता तुम्ही जे ओरडून सांगितलंत, ते आम्ही मॉडच्या शेजारी लिहून ठेवतो. त्यालाच टॅग म्हणतात."

आबांच्या मिशा हलल्या. मग ते खदखदून हसले.

"ऱ्हाऊ द्या रे सगळं! अन् पोरी, माझ्यावर आणखी एक टॅग लाव, 'अस्सल'."