बुरूज कुणाला दिसतो?

सुभेदारांशी करार करताना तोलाजीराव देसायांनी हद्द स्वतःच सांगून लिहवून घेतली, 'ज्या शेतमालकाला आपल्या बांधावरून गडाचा बुरूज दिसतो, त्याचं शेत देसायांच्या हद्दीत.' हद्दीतल्या प्रत्येक घराला एक माणूस वेठीला द्यावा लागणार होता. करार चावडीवर वाचला गेला आणि गाव हबकलं.

हद्द आखत सुभेदार आणि देसाई म्हाळसाक्काच्या शेतावर आले.

देसाई गरजले, "बुरूज इथून लख्ख दिसतोय. उद्यापासून लेकीला वेठीला धाड!"

"लेक येणार नाही," म्हाळसाक्का ठामपणे म्हणाली. "बुरूज दिसतो कुणाला?"

"सगळ्यांना!"

"कागदात सगळे नाहीत सरकार, मालक आहे. या शेताची मालकीण मी, आणि मी जन्मापासून आंधळी."

सुभेदारांनी करार पुन्हा वाचला आणि तिचं शेत वगळून हद्द आखली. देसायांना आपलाच शब्द खोडता येईना.