जोंधळ्याची हाक

एक होता राजा, धुळाप्पा त्याचं नाव. राज्य म्हणाल तर एक काळं रान आणि एक मोडकी खुर्ची. हसू नका. जोंधळा पिकत होता तोवर राजाच होता तो.

मग एका साली जोंधळा गुडघ्याएवढा झाला आणि पिवळा पडला. बुडाशी बघावं तर इवली इवली पांढरी फुलं. टारफुला, बरं का. दिसायला देखणा, पण जातीचा चोर. दुसऱ्याच्या मुळात तोंड घालून रस पिणारा.

राजानं तो उपटला. पण फुलं आधीच पिकलेली. धुळीसारखं बी रानभर सांडलं. दुसऱ्या साली दुप्पट आला. मग राजानं रान जाळलं. बी खाली गारव्याला घोरत पडलेलं. तिसऱ्या साली चौपट. आता घरात बियाण्याचं एकच मडकं राहिलं. ते गेलं की जोंधळा गेला आणि राज्यही गेलं.

राजाची लेक गोजरी. नाक हे एवढं! तिला वासातलं बोलणं कळायचं. कसं ते मधे विचारू नका. झाडांना तोंड नसतं, ती वासानंच बोलतात. गोजरी सुकल्या जोंधळ्यात पालथी पडली आणि तिनं मातीत नाक खुपसलं. मूळ हाक देत होतं, "बुरशीबाई, भूक लागली गं, ये!" बुरशी म्हणजे मातीतले पांढरे दोरे. ती लांबून मुळाला खाऊ आणून द्यायची. पण तीच हाक ऐकून टारफुल्याचं बी टुणकन उठायचं आणि मुळाला डसायचं.

मग गोजरी बांधावरच्या कापसापाशी पालथी पडली. तिथंही तीच हाक! पण टारफुला एकसुद्धा नाही.

"आबा, मडक्याला हात लावू नका. येत्या पेरणीला कापूस लावा."

"कापूस खाऊ काय, नकटे?"

"मी नकटी? नाक बघा आणि मग बोला! आबा, चोर हाकेला उठंल, पण कापसाच्या मुळात त्याचा दात शिरत नाही. आणि एकदा उठला की त्याला परत निजता येत नाही. उपाशी मरंल."

राजानं तीन दिवस मडकं उघडलं आणि झाकलं. चौथ्या दिवशी त्यानं मडक्याचं तोंड शेणानं लिंपलं आणि पेरणीला कापूस लावला.

कापसानं हाक दिली. चोर उठले, चाचपडले, सुकून गेले. एक साल, दोन सालं असंच. तोवर कापूस देऊन परगावचा दाणा आणला. राजाला ते फार लागलं. पण भाकरी खाल्ली, काय करतो.

तिसऱ्या साली मडकं उघडलं. गोजरीनं आधी वास घेतला.

"जिवंत हाय," म्हणाली.

जोंधळा राजाच्या डोक्यावर गेला. टारफुला निघालाच नाही असं नाही, खोटं कशाला सांगू? पाच-पन्नास निघाले. ते गोजरीनं फुलायच्या आधीच उपटले. नव्या जोंधळ्याची पहिली भाकरी राजानं लेकीच्या हातावर ठेवली. "घे, नाकाडे," म्हणाला. मग सगळी पोटभर जेवली आणि सुखात राहिली.

उरलेला कापूस उशांत भरला. तुमच्या डोक्याखाली तसलीच उशी आहे. खुपसा नाक तिच्यात, मिटा डोळे. आणि कुणी हाक मारली तरी टारफुल्यासारखं उठायचं नाही. निजा.