नळी बंद केली तेव्हा

"मग सर, पोट परत उघडायचं ना?"

अतिदक्षता विभागात, भर दुपारी, डॉ. ऋतुजा बोंद्रे विचारत होती. विचारत कसली, तिचं ठरलंच होतं! हात सफाईदार, बुद्धी तल्लख, आणि तोरा तर विचारूच नका.

खाटेवर दौलत मोहिते गुंगीत पडला होता. आदल्या दिवशी त्याच्या पोटात थोरल्या बहिणीच्या यकृताचा तुकडा बसवला होता. बहीण, अनसूयाअक्का, पलीकडच्या खोलीत होती. येईल त्याला ती एकच विचारायची, "माझं रुजलं का हो?"

गुळवणी सरांनी खुर्ची ओढली आणि निवांत बसले.

"का उघडायचं?"

"रक्तात लॅक्टेट साचलंय. यकृत कामाला लागलं असतं तर त्यानं ते साफ केलं असतं. सोनोग्राफी ठीक आहे, पण मला डोळ्यांनी बघायचंय."

"लग्नघरात दुसऱ्या दिवशी मोरीत खरकट्या भांड्यांचा ढीग असतो. तो बघून घरात कुणीच कामाला नाही म्हणशील? ढीग उतरतोय का, ते बघितलंस?"

"तेवढा वेळ कुठाय, सर? हे वाया गेलं तर अक्कांकडे द्यायला दुसरं नाही."

"आणि उघडलंस नि काहीच सापडलं नाही, तर दौलत हा दुसरा घाव सोसेल?"

ऋतुजानं दौलतच्या पोटावरची पट्टी चाचपली. सरांनी पुढं विचारलं,

"कुणाला विचारलंस तरी?"

"कुणाला विचारणार? पेशंट गुंगीत आहे."

"ज्याची शंका येतेय, त्याला."

यकृताला विचारायचं! ऋतुजाच्या मनात आलं, म्हातारपण, दुसरं काय.

सर उठले. दौलतच्या हाताला साखरेचं सलाईन चालू होतं. सरांनी नळीवरची चकती फिरवली.

थेंब थांबला.

"सर!" ती ओरडलीच. "यकृत बंद असेल तर साखर कोसळेल!"

"हो."

साखरेची भरलेली सिरिंज सरांच्या मुठीत तयार होती. "नर्सबाई, थोड्या थोड्या वेळानं रक्त तपासा. साखर आणि लॅक्टेट, दोन्ही."

पहिला नमुना... साखर उतरली.

ऋतुजानं सिरिंजकडे हात केला. "द्या ना, सर."

"थांब."

दुसरा नमुना... साखर तिथंच.

तिसरा... साखर किंचित वर. आणि लॅक्टेट खाली आलेलं!

ऋतुजानं नळीकडे पाहिलं. बंदच होती. मग ही साखर घातली कुणी?

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. कापताना मज्जातंतू तुटलेले, मेंदूचा निरोप पोचायला वाटच नाही. बहिणीच्या पोटातून निघालेला, मधे बर्फात पडून राहिलेला तो तुकडा... आणि या परक्या घरात साखर कमी पडतेय हे त्याला रक्तातूनच कळलं होतं. कुणी न सांगता त्यानं आपल्या साठवणीतल्या साखरेचा डबा उघडला होता. जोडीला मोरीतली भांडीही घासायला घेतली होती. आणि आपण त्याच्यावर सुरी धरायला निघालो होतो! तिनं नकळत हात जोडले. कुणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पलीकडून अक्कांचा थकलेला आवाज आला, "माझं रुजलं का हो?"

ऋतुजा दारापर्यंत धावली. "रुजलं, अक्का! कामाला लागलं तुमचं!"

आतून हुंदका ऐकू आला, मग हसू.

ती परत आली तेव्हा सर दौलतचं पांघरूण सारखं करत होते. साखरेची चकती त्यांनी पुन्हा थोडी सैल केली होती.

"सर... ते उत्तर देईल हे तुम्हाला कसं माहीत होतं?"

सरांनी न वापरलेली सिरिंज तिच्या हातात ठेवली. सिरिंज त्यांच्या तळहाताच्या घामानं ओलीचिंब होती.

"माहीत असतं, तर विचारलं कशाला असतं?"